बोट ठेवून वाचलेला कागद

साहेब, तुम्ही आमचं पुस्तक मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं दोन बोटांच्या चिमटीत धरलंत. सव्वीस वर्षं झाली, मी ते विसरलेली नाही.

"ही पुस्तकं आहेत की चुलीजवळची फडकी?" तुम्ही विचारलंत आणि हसलात. तुमच्याबरोबर आलेला कारकूनही हसला, कारण तुम्ही हसलात. आम्ही चौदा जणी भिंतीला टेकून उभ्या होतो. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

टेंबवाडीची अंगणवाडी तेव्हा बंद पडलेल्या भातगिरणीच्या खोलीत भरायची. सकाळचे अकरा वाजले असतील. समोर रस्त्यापलीकडे काजूची फॅक्टरी. तपासणीला आलेली तुमची जीप लागली आणि कारकून फॅक्टरीत येऊन ओरडला, "अंगणवाडीत ज्यांची पोरं आहेत त्यांनी चला, साहेब आलेत." मुकादमानं अर्धा तास दिला. हात धुवायलाही वेळ नव्हता. तशाच उठून आलो.

तुम्ही पुस्तक उघडलंत. टोपी घालून बाजाराला निघालेल्या बोकडाचं पुस्तक. प्रत्येक पानावर चित्र, आणि चित्राखाली दोन किंवा तीन ओळी. प्रत्येक ओळीखाली एक काळी रेघ. पेन्सिलीनं मारलेली नव्हे, बोटानं ओढलेली, कुठे जाड, कुठे पुसट, आणि मोठ्या शब्दांखाली एक गोल डाग, बोट तिथे अडून राहिलेलं.

"हे कुणाचं बोट?" तुम्ही विचारलंत.

ते माझं बोट होतं.

मी दोन्ही हात पदराखाली घेतले. सगळ्यांनीच घेतले. पण ती रेघ कुणाची आहे हे त्या खोलीत तुम्ही आणि कारकून सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांच्या पोरांनासुद्धा. माझी दर्शना पोत्यावर बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी डोळे वटारले. तिनं तोंड मिटलं.

"माझं," पालवबाई म्हणाल्या.

हेमलता पालव. आमच्या अंगणवाडीच्या सेविका. तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास होत्या, अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र भरदार.

"तुमचं?"

"मी शिकवताना ओळीखाली बोट ठेवते, साहेब."

तुम्ही त्यांच्या हातांकडे बघितलंत. पालवबाईंचे हात पांढरे, खडूचे. त्यांनी ते लपवले नाहीत. कारकुनाकडे बघून भुवई उडवलीत फक्त. मी तेव्हा एक पाऊल पुढे यायला हवं होतं. आले नाही. ह्या गोष्टीत तुमच्यावर जे आरोप आहेत त्याच्या आधी हा एक माझ्यावर लिहून ठेवते.

आता त्या रेघेबद्दल.

काजूची बी फोडताना टरफलातून तेल उडतं. बोटाला लागलं की कातडी आधी काळी पडते, मग सोलते. राख चोळा, खोबरेल लावा, तेल आपलं काम करतंच. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला महिनाभर आधी फॅक्टरीतून काढतात, ते बोटं उजळावीत म्हणून. बाकीच्यांची बोटं मरेपर्यंत तशीच. भात कालवला की हाताला चरचरतं. लेकराच्या गालावरून हात फिरवावा तर हात उलटा करून, पालथ्या बाजूनं फिरवावा लागतो.

त्या वर्षी सरकारच्या डोक्यात आलं की आईबापांनी लहान पोरांना रोज मोठ्यानं वाचून दाखवावं. पोर शाळेत जायच्या आधी त्याच्या कानावर पुस्तक पडावं. डोक्यात आलं ते चांगलंच आलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रत्येक अंगणवाडीला पत्र्याची एक पेटी आली. पेटीत चित्रांची पुस्तकं. आईनं पुस्तक घरी न्यायचं, पोराला वाचून दाखवायचं, आठवड्यानं परत आणायचं. पेटीबरोबर सूचनांचा कागदही आला, आणि त्यात ठळक अक्षरात लिहिलं होतं की पुस्तकं सुस्थितीत राहतील याची जबाबदारी सेविकेची.

आजूबाजूच्या वाड्यांतल्या सेविका शहाण्या. त्यांनी पेटीला कुलूप घातलं. पुस्तकं कोरी राहिली, नोकऱ्याही राहिल्या.

पालवबाईंनी पेटी उघडली आणि पुस्तकं पिशवीत घालून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थेट फॅक्टरीत आल्या. आम्ही डबे सोडून बसलो होतो.

"कोण नेतला पुस्तक?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. भागीरथीकाकी आमच्यात सगळ्यात थोरली, तिची नात अंगणवाडीत. ती म्हणाली, "बाई, आमका वाचूक येणा नाय ता तुमका म्हायत आसा. मगे कित्याक चेष्टा करतंस गरिबांची?"

"चेष्टा नाय काकी. चित्र बघ आणि तुझ्या मनान सांग."

"मनान सांगूक पुस्तक कित्याक होया? मी रोज सांगतंय तिका. काल तिच्या आज्याच्या नावान अर्धो तास सांगलंय."

हशा झाला. पण काकीनं पुस्तक नेलं. हळूहळू सगळ्यांनी नेलं. फॅक्टरीत आमचा एक नियम ठरला: पुस्तक आईनं धरायचं नाही. पोरानं धरायचं, पोरानंच पान उलटायचं, आईनं हात मागे बांधून सांगायचं. अशी आमची पोरं तीन-चार वर्षांची असताना पानं उलटायला शिकली.

मी दुसरीत असताना शाळा सोडली होती. पाठच्या तीन भावंडांना बघायला. अक्षरं थोडी आठवत होती, जत्रेत भेटलेल्या माणसांसारखी. तोंडं ओळखीची, नावं लक्षात नाहीत. चित्र बघून दर्शनाला मी बोकडाची गोष्ट रचून सांगितली. दुसऱ्या दिवशी तीच सांगायला गेले तर काल काय रचलं होतं ते विसरले. दर्शना म्हणाली, "आये, काल बोकड होडीत बसलो होतो." मी म्हटलं, "आज चलत गेलो." ती रडायला लागली. तिला तीच गोष्ट हवी होती. कालची, तशीच, शब्दाला शब्द.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पालवबाईंना गाठलं. "बाई, बोकड नेमको खंय गेलेलो ता माका वाचूचा आसा."

बाईंनी पुस्तक उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मी हात मागे घेतले.

"बोट ठेव," त्या म्हणाल्या.

"हात काळे आसत, बाई. पुस्तक खराब होतला."

"होऊंदे. बोटाशिवाय तुझी नजर ओळीवर ठरूची नाय. हात गोरे होवची वाट बघलंस तर तुझ्या चेडवाचा, दर्शनाचा, लगीन होयत."

मी बोट ठेवलं. 'बो'खाली पहिला डाग पडला. मी दचकून बोट उचललं, बाईंनी ते धरून परत टेकवलं.

बोकडाची पहिली ओळ वाचायला मला तीन दुपारी लागल्या. संध्याकाळी ती ओळ मी दर्शनाला वाचून दाखवायची. एकेक अक्षर जोडत, थांबत. मी थांबले की ती विचारायची, "मगे?" मी पुढचं अक्षर जोडायची. पुन्हा थांबले की पुन्हा, "मगे?" पोरीला वाटायचं गोष्ट अशीच असते, अडत अडत येणारी. चार महिन्यांत मी तीन पुस्तकं पुरी केली. तिन्ही पुस्तकं ओळीओळीनं काळी झाली.

तर साहेब, ती रेघ अशी आली.

तुम्ही पुस्तक पेटीत टाकलंत. कारकुनानं पुस्तकं मोजली. "चोवीस," तो म्हणाला. तुम्ही पालवबाईंना विचारलंत, "बाकीची?"

"बाकीची कुठली? चोवीसच आली होती."

"बघू. रजिस्टर आणा तुमचं."

"घरी आहे. काल रात्री नावं भरत होते."

"मग घेऊन या. आम्ही थांबतो."

बाईंचं घर ओढ्यापलीकडे. जाऊन यायला पंधरा मिनिटं. त्या पदर खोचून निघाल्या. उंबऱ्यावर थांबल्या आणि आमच्याकडे वळून बघितलं. गेल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर तुमचा आवाज बदलला. खुर्ची पुढे ओढलीत. म्हणालात, "बसा ना सगळ्या, उभ्या का?" आम्ही खाली बसलो. दर्शना उठून माझ्या मांडीत येऊन बसली. तुम्ही म्हणालात, "घाबरू नका. पुस्तकं वापरली तर खराब होणारच. मुलं आहेत. मी वरती कळवतो, तुम्हाला नवीन पेटी मिळेल. फक्त एक कागद लागेल, तुमच्या सह्यांचा." कारकुनानं बॅगेतून कागद काढला. तो कागद आधीच लिहून आणलेला होता, साहेब. जीपमधून. पुस्तकं बघायच्या आधी. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

"मी वाचून दाखवतो," तुम्ही म्हणालात, "म्हणजे तुम्हाला कळेल कशावर सही करताय."

आणि तुम्ही वाचलंत. सुंदर वाचलंत, खोटं कशाला बोलू. स्वच्छ आवाज, योग्य जागी थांबणं.

"आम्ही टेंबवाडी अंगणवाडीचे पालक लिहून देतो की, आमच्या अंगणवाडीस चोवीस पुस्तके मिळाली. ती आम्ही घरी नेऊन मुलांना वाचून दाखविली. वापरात ती खराब झाली. त्याबद्दल आमची कोणतीही तक्रार नाही. तरी आम्हांस नवीन पुस्तके मिळावीत, ही विनंती."

बायांचे चेहरे उजळले. भागीरथीकाकी म्हणाली, "सायब बरो आसा हो. आमी उगीच भियालो." रतन राऊळ माझ्या कानात पुटपुटली, "नये पुस्तकांत एखाद्या देखण्या घोवाचा चित्र असला तर बरा, घरचो नवरो बघून कंटाळलंय."

कारकुनानं शाईचा पॅड काढला. तुम्ही काकीचे हात बघून म्हणालात, "अहो, ह्यांना शाई कशाला? ह्या तयारच आल्यात."

काकी हसली. तिला वाटलं, साहेब आपल्याशी गंमत करतायत. तिनं अंगठा टेकवला. कारकुनानं बाजूला तिचं नाव लिहिलं. मग दुसरी. मग तिसरी. त्या ठशांत रेघा नव्हत्या, साहेब. काजूच्या तेलानं आमच्या अंगठ्यांवरच्या रेघा केव्हाच खाल्ल्या होत्या. नुसते काळे ठिपके. ते कुणाचेही असू शकले असते.

मी रांगेत नववी होते.

"तुझो आंगठो?" कारकून म्हणाला.

"मी सही करतंय."

"अरे वा," तुम्ही म्हणालात. "सही येते? करा, करा."

कागद माझ्यासमोर फरशीवर आला. दर्शना मांडीत. मी पेन घेतलं. सही कुठे करायची ते शोधताना नजर वर गेली आणि एका शब्दावर थांबली. तो शब्द मला न जोडता वाचता यायचा. अंगणवाडीच्या दारावर पाटी होती, तिच्यावर रोज वाचायची.

पालव.

तुम्ही वाचलंत त्यात पालव कुठे होतं?

मला वाटलं, असेल. सेविकेचं नाव असतंच. पण खाली, शेवटाजवळ पुन्हा पालव. नजर तेवढ्याच शब्दावरून उडी मारून खाली गेली होती. दोन वेळा पालव. तुम्ही एकदाही म्हणाला नव्हता.

"करा सही," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं सही करून टाकावी. अजून पाच जणी रांगेत आहेत, अर्धा तास संपत आला, मुकादम ओरडेल. मी वाचायला लागले तर रेघ माझी आहे हे तुम्हाला कळेल. आठ जणींनी केलं, आपण कोण मोठ्या लागून गेलो? हे सगळं एका श्वासात डोक्यात आलं. मी पेन खाली ठेवलं.

"सायब, जरा थांबा. माका वाचूंदेत."

"वाचलं ना मी आत्ता?"

"माका वाचूचा आसा."

तुम्ही कारकुनाकडे बघून हसलात. "वाचा. संध्याकाळपर्यंत थांबू का आम्ही?"

बोटाशिवाय माझी नजर ठरत नाही. मी बोट ठेवलं. तुमच्या पांढऱ्या कागदावर, पहिल्या ओळीखाली.

"आ-म्ही... खा-ली... स-ही... कर-णार..."

"अहो बाई, कागद खराब होतोय."

"लि-हून... दे-तो... की..."

मी दम घ्यायला थांबले. मांडीतून आवाज आला, "मगे?"

कुणीतरी हसलं. दर्शनाला वाटलं गोष्ट चाललीय. संध्याकाळी चालते तशी.

"अं-गण-वाडी... से-वि-का... श्री-म-ती... हे-म-ल-ता... पा-लव... यां-नी..."

"मगे?"

"सा-ठ... पुस्-त-कां-पै-की... छ-त्ती-स... पुस्तके... पर-स्पर... ने-ली."

हसू थांबलं. रतननं माझ्या खांद्यावरून वाकून कागदाकडे बघितलं, जणू तिला वाचता येणार होतं. "काय ता? साठ खंयची? चोवीस म्हणालो ना सायब?"

तुम्ही उठलात. "द्या तो कागद इकडे."

मी दिला नाही. दर्शनाला पोटाशी घट्ट धरलं आणि दुसरा हात कागदावर दाबून ठेवला. कागद माझ्या हातून सुटला असता तर तो परत कधी माझ्यापुढे आला नसता, एवढं मला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं.

"उर्-व-रित... चो-वीस... पुस्तके..." पुढचा शब्द आला. लांबलचक, मुंग्यांच्या रांगेसारखा. मी पहिल्याच अक्षराला अडले. "नि... नि..."

"मगे, आये? मगे?"

"नि... नि..."

दारातून आवाज आला. "बोट खाली घे जरा. पोटफोड्या ष आसा तो. निष्."

पालवबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. रजिस्टर छातीशी धरलेलं, धापा टाकत. कधी आल्या होत्या ठाऊक नाही. किती ऐकलं होतं ठाऊक नाही. माझं बोट कुठे आहे ते बघून त्यांनी नेहमीसारखी चूक दुरुस्त केली होती.

"निष्," मी म्हटलं.

"निष्का."

"निष्का-ळ-जी... प-णा-ने..."

"निष्काळजीपणाने," बाई म्हणाल्या. "पुढे."

"पालवबाई, हे थांबवा," तुम्ही म्हणालात.

"पुढे वाच, जयवंती."

मी वाचलं. बोट सरळ चाललं. "निष्काळजीपणाने... खराब... के-ली. मु-लां-ना... व... पा-ल-कां-ना... एक-ही... पुस्तक... वा-चा-व-यास... दि-ले... ना-ही."

पेटी तिथेच उघडी पडली होती. तिच्यात चोवीस पुस्तकं, आणि त्यातल्या कितीतरी ओळींखाली माझं बोट. आणि ह्या कागदावर लिहिलं होतं की आम्हाला एकही पुस्तक दिलं नाही.

"मगे?" दर्शना म्हणाली.

"स-बब... श्रीमती पालव... यांना... का-मा-व-रून... क-मी... कर-ण्यास... आ-म-ची... हर-कत... ना-ही."

बाईंनी रजिस्टर खाली ठेवलं. आवाज न करता.

भागीरथीकाकी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. तिनं तुमच्यासमोर जाऊन हात पसरला, तळवा वर.

"माझो आंगठो माका परत दी."

"काय?"

"तू एक वाचलंस आणि लिवलेला दुसराच. मी तुझ्या वाचण्यार आंगठो दिलंय, लिवण्यार नाय. माझो आंगठो काढ त्या कागदावरसून."

"आजी, एकदा दिलेला अंगठा परत होत नसतो. आणि ह्या बाईला धड वाचता येत नाही, काहीतरी भलतंच—"

"साहेब," पालवबाई म्हणाल्या, "तिनं एक अक्षर चुकीचं वाचलं असेल तर दाखवा."

तुम्ही दाखवलं नाहीत. तुम्ही वाकलात आणि कागद माझ्या बोटाखालून ओढून घेतलात. कोपरा फाटला, तो माझ्या बोटांत राहिला. आणि तुम्ही मला काय म्हणालात ते सांगू? तुम्ही कागदाकडे बघितलंत, प्रत्येक ओळीखालची काळी रेघ बघितलीत, मग चिमटीत धरलेल्या त्या बोकडाच्या पुस्तकाची आठवण तुम्हाला झाली. "म्हणजे पुस्तकं तुम्ही घाण केलीत," तुम्ही म्हणालात.

"होय," मी म्हटलं. "मियां केलंय. बाईंनी माका वाचूक दिलेली म्हणान केलंय. ह्या लिवा त्या कागदावर."

तुम्ही लिहिलं नाहीत. कारकुनानं पेटी उचलली. रतन दारात आडवी उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "सरकारी कामात अडथळा म्हणून आत टाकीन." रतनचे हात खाली आले. ती दीड महिन्याची गरोदर होती. बाईंनीच तिला बाजूला घेतलं. जीप गेली. पेटी गेली. कागद गेला, त्यावर आठ ठिपके.

मी नववी होते. मी पहिली असते तर त्या कागदावर एकही ठिपका नसता. मला रांग सोडून पुढे जाता आलं असतं. माझी रेघ लपवायच्या नादात मी मागे मागे सरकत नववी झाले होते. हेही लिहून ठेवते.

महिन्याभरानं आदेश आला. पालवबाईंनी तो स्वतःच आम्हाला जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवला, फॅक्टरीच्या पायरीवर बसून. पालकांच्या लेखी जबाबावरून सेविकेस कमी करण्यात येत आहे. 'लेखी' म्हणताना त्या थांबल्या आणि काकीनं तोंड फिरवलं. काकी त्यानंतर सहा वर्षं जगली. अंगठा ती कुठल्याच कागदावर उठवत नसे. रेशनच्याही नाही. रेशन तिची सून आणायची.

अंगणवाडीवर दुसरी सेविका आली. नवीन पेटी आली, तिला कुलूप होतं. पालवबाई बहिणीच्या खानावळीत भाकऱ्या थापायला गेल्या. बाजारच्या दिवशी गावात आल्या की मसाल्याच्या पुड्यांचे कागद सोडवून आणायच्या आणि मला वाचायला लावायच्या. निम्म्या बातम्या, फाटलेले अग्रलेख, औषधांच्या जाहिराती. मी वाचायची, दर्शना ऐकायची. पुढे दर्शनाला माझं ऐकायची गरज राहिली नाही, पण मी वाचत राहिले. मग लिहायला लागले. लोक विचारतात, शिक्षण किती? मी सांगते, एक बोकड, दोन आणखी पुस्तकं आणि तुमचा एक कागद.

तो कागद मी तीन वेळा मागितला, माहितीच्या अधिकारात. तिन्ही वेळा एकच उत्तर: सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही. ज्या कागदानं एका बाईची नोकरी गेली तो कागद सापडत नाही. आमच्यापर्यंत कधी पोचलीच नाहीत ती छत्तीस पुस्तकं कुठे गेली हे मी विचारलंच नाही. त्याचं उत्तर मला नको होतं, मला कागद हवा होता.

आणि गेल्या महिन्यात माझ्या हातात एक निमंत्रणपत्रिका आली. पालक मेळावा. विषय: बाळाला रोज वाचून दाखवा. प्रमुख वक्ते तुम्ही. निवृत्त आहात, तब्येत चांगली दिसते फोटोत. भाषण ऐकायला मी गेले होते, मागच्या रांगेत बसले होते. तुम्ही सांगितलंत की मोठ्यानं वाचल्यानं मुलाचा कान तयार होतो, की आईचा आवाज हीच पहिली शाळा. बरोबर सांगितलंत. माझ्या शेजारी एक तरुण आई बसली होती, कडेवर बाळ, ती मान डोलावत होती. तिनं घरी जाऊन वाचावं असं मला मनापासून वाटलं. म्हणून मी उठून काही बोलले नाही. इथे बोलतेय.

साहेब, कागद कार्यालयात नाही, पण तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही तो लिहून घेतला होता, जीपमधून आणला होता, आणि आम्हाला दुसरंच काही वाचून दाखवण्याइतका तो तुम्हाला पाठ होता. पालवबाई आज एकाहत्तर वर्षांच्या आहेत. कान शाबूत आहेत. आठ ठिपक्यांपैकी पाच जणी अजून जिवंत आहेत. आम्ही सगळ्या येऊन बसतो, तुम्ही म्हणाल तिथे. तुमच्याच मेळाव्यात येऊन बसतो. तुम्ही उभे राहा आणि तो कागद मोठ्यानं वाचा. आम्हाला ऐकवला होता तो नको, लिहिला होता तो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. अडलात तर आम्ही सांगू.

कधी वाचताय? तारीख सांगा.